खऱ्या कप्तानला भेटा

"उजवा डोळा झाका. हं, आता सांगा, समोर काय दिसतंय?"

"कुत्रा."

"कुत्रा काय, तो कुणालाही दिसेल. कुणाचा कुत्रा?"

खुर्चीत बसलेले बेकरीवाले गोंधळले. नाकावर डोळे तपासायची जड चौकट, एका डोळ्यावर हात, आणि समोरच्या भिंतीवर जिथे लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता असायचा, तिथे एका कुत्र्याचं भलंमोठं चित्र. त्यांनी डोळा बारीक करून पाहिलं. "आमच्या बटरसारखा वाटतोय."

चष्मेवाल्यांना एकापाठोपाठ तीन शिंका आल्या. मग त्यांनी डाव्या कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली आणि चौकटीत एक जाड भिंग सरकवलं. "आता?"

"आताही बटरच."

आणखी जाड भिंग. "आता?"

"आता काहीच दिसत नाही हो!"

"मग बरोबर. तो आमचा लोळ्या आहे," चष्मेवाले म्हणाले आणि समाधानानं नंबर लिहायला बसले.

या सगळ्याच्या मुळाशी होती चष्मेवाल्यांची लेक. ती मंगा काढायची. मंगा म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा. पुस्तक उलट्या बाजूनं उघडायचं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचत जायच्या. मुलांच्या एका मासिकात तिची 'कप्तान' नावाची मालिका यायची. कप्तान नावाचा एक कुत्रा आणि त्याच्यावर जीव टाकणारं एक घर, एवढीच गोष्ट. पण पोरंसोरं सोडाच, त्यांचे आईबापसुद्धा नव्या अंकाची वाट बघायचे. चष्मेवाल्यांनी पहिला भाग सवयीनं डावीकडून वाचला होता. त्यात मुलगी स्टॉपवर छत्री उघडून छान उभी होती आणि कप्तान येऊन तिची छत्री हिसकावून घरी घेऊन गेला. "असला कसला गं हा नालायक कुत्रा?" असं त्यांनी लेकीला विचारलंसुद्धा. लेकीनं मुकाट्यानं मासिक उलटं करून त्यांच्या हातात दिलं आणि ती वर आपल्या खोलीत निघून गेली.

त्याच्याही आधी, तिनं मासिकासाठी चित्रं काढायला घेतली तेव्हा, "कुत्र्यामांजरांची चित्रं काढून पोट भरतं का?" असं ते एकदा बोलून गेले होते. बोलून गेले ते गेले, पण शब्द घरातच राहिला. तेव्हापासून बापलेकीत भांडण नव्हतं, आणि कौतुकही नव्हतं. म्हणजे चष्मेवाल्यांच्या पोटात कौतुक मावत नव्हतं, फक्त ते लेकीसमोर ओठांवर येत नव्हतं. "चांगलं काढतेस" एवढंच म्हणायला ते कितीदा तरी जिना चढले आणि "रिकाम्या खोलीत पंखा कशाला चालू ठेवतेस?" असं म्हणून खाली उतरले. त्या वेळी लेक खोलीतच बसलेली असायची.

पण पोटातलं कौतुक कुठून तरी बाहेर पडणारच. ते दुकानात बाहेर पडलं. लेकीचं उघड कौतुक करायला लाज वाटते, तर निदान कुत्र्याचं करावं! कप्तान म्हणजे दुसरातिसरा कुणी नाही, आमचा लोळ्याच, असं त्यांनी ठरवून टाकलं. लेकीला विचारलं नाही. घरातल्या घरात विचारायचं काय त्यात?

आता लोळ्याबद्दल थोडं सांगायला हवं, आणि थोडंच सांगता येईल, कारण तो काही करतच नसे. दुकानाच्या काउंटरखाली सकाळी तो डाव्या कुशीवर लोळायचा आणि दुपारनंतर उजव्या. चोर आला असता तर लोळ्यानं त्याला जागा करून दिली असती.

"अहो, पण कप्तानच्या दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं आहेत," बायकोनं एकदा विचारलं. "लोळ्याच्या कुठं आहेत?"

"कलाकाराला थोडी मोकळीक द्यावी लागते."

"आणि कप्तानचा डावा कान दुमडलेला असतो."

"झोपून झोपून याचाही दुमडतो कधी कधी."

"बरं. कप्तान टीव्हीसमोर घोरतो आणि कुणी चॅनल बदलला की 'बघतोय ना मी!' म्हणून भुंकतो. रोज संध्याकाळी फाटकाशी मुलीची वाट बघत उभा राहतो आणि ती आली की आपण सहज आलो होतो असं दाखवतो. राग यायच्या आधी तीन वेळा शिंकतो आणि मग भिंतीकडे तोंड करून बसतो. यातलं लोळ्या काय करतो?"

चष्मेवाले विचारात पडले. "हे बघ, हे सगळं मी करतो. म्हणजे तो माझ्याकडूनच शिकला असणार. कुत्रं मालकावर जातं म्हणतात ते काही खोटं नाही."

बायको झटकन उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज करत राहिली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

चष्मेवाल्यांचा सगळ्यात आवडता भाग वेगळाच होता. त्यात मुलगी एक चित्र बिघडलं म्हणून चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकते, आणि घरात कुणी नाही असं बघून कप्तान तो कागद हळूच काढतो, पंजानं सपाट करतो आणि आपल्या अंथरुणाखाली लपवतो. हा भाग वाचून चष्मेवाल्यांचे डोळे दर वेळी भरून यायचे. "मुक्या जनावराला हे सुचावं!" असं म्हणत ते लेकीनं टाकलेला एखादा कागद सपाट करून दुकानातल्या भिंगांच्या कप्प्याखाली सरकवून द्यायचे. ते काम त्यांचं फार जुनं आणि फार गुपित होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट घरातच मिटली असती. पण कप्तानचं पुस्तक निघायचं ठरलं, रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रकाशन ठरलं, आणि प्रकाशक बाईंच्या चष्म्याची काडी नेमकी त्याच आठवड्यात तुटली. काडी बसवता बसवता चष्मेवाले म्हणाले, "तुमच्या पुस्तकातला कप्तान तुमच्या पायाशीच झोपलाय बरं का."

बाईंनी खाली वाकून बघितलं. चष्मा नसल्यामुळे त्यांना सगळंच छान दिसलं. "अय्या, खरा कप्तान? अहो, मग त्याला प्रकाशनाला आणायलाच हवं! मुलं वेडी होतील. आणि तो खरंच छत्री घेऊन येतो?"

इथे 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. पण अभिमान चढला की माणसाची जीभ टाळूला चिकटत नाही. "तोंडात धरून आणतो!" चष्मेवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खांबाखांबावर कागद लागले. 'कप्तान' पुस्तकाचं प्रकाशन, आणि खाली ठळक अक्षरांत: खऱ्या कप्तानला भेटा! छत्रीसह!

संध्याकाळी लेक घरी आली ती तो कागद हातात घेऊनच. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. चष्मेवाले फाटकाशी सहजच उभे होते.

"बाबा, तुम्हाला... कळलं?"

"कळणार नाही होय? बाप आहे मी. पहिल्याच भागात कळलं."

"आणि तुम्ही स्वतः येणार? सगळ्यांसमोर?"

"मग काय, त्याला एकट्याला पाठवू?" असं म्हणायला चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते नुसतं "येणार तर!" म्हणाले.

"तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला वेडे? अभिमान आहे मला."

शब्द तोंडातून गेला आणि चष्मेवालेच दचकले. जिना न चढता, पंख्याचं नाव न काढता चक्क म्हणून झालं होतं! लेक त्यांच्या गळ्यात पडून रडली. शाळेत पहिल्या दिवशी सोडताना रडली होती, त्यानंतर ती अशी गळ्यात पडली नव्हती. एका कुत्र्यासाठी पोरगी किती हळवी, असं वाटून चष्मेवाल्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग खांबांवरचे कागद आठवले. आता रविवारी लोळ्या फजीत पावला, तर कागद फुकट जातील, बेकरीवाले हसतील, ते परवडलं. पण आज गळ्यात पडलेली लेक पुन्हा वर निघून जाईल. काय वाटेल ते झालं तरी लोळ्याला कप्तान करायचाच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मागच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. लोळ्यापुढे छत्री ठेवली. लोळ्यानं तिच्यावर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. बिस्किटं दाखवली, तर त्यानं पडल्या पडल्याच तोंड उघडलं. शेवटी, करून दाखवल्याशिवाय शिकत नाही म्हणून, चष्मेवाले स्वतः हातापायांवर ओणवे झाले, छत्रीची मूठ दातांत धरली आणि अंगणाला एक फेरी मारली. कुंपणावरून बेकरीवाल्यांचं डोकं वर आलं.

"चष्मेवाले, छत्री तोंडात का हो?"

"म्म् म्म्म्!" चष्मेवाल्यांनी स्पष्टीकरण दिलं.

"नसत्या भानगडीत पडलात. आमच्या बटरचा कान जन्मापासून दुमडलेला आहे. रविवारी मीही त्याला घेऊन येणार. होऊन जाऊ द्या दूध का दूध!"

दारात उभी राहून बायको हे सगळं बघत होती. "तुम्हाला अगदी हुबेहूब जमतंय हो," ती म्हणाली.

"मला जमून काय उपयोग?" चष्मेवाले तोंडातली छत्री काढून वैतागले. "पालथ्या घड्यावर पाणी!"

"लेकीला एकदा विचारून तरी बघा."

"आता विचारू? आता तिला संशय येईल!"

"मग राहू द्या. घोडामैदान जवळच आहे," बायको म्हणाली आणि पुन्हा भांडी घासायला गेली.

रविवारी हॉल मुलांनी गच्च भरला. चष्मेवाले कोट घालून, डाव्या कानावर पेन्सिल आणि बगलेत छत्री अशा थाटात आले, आणि मागून दोरीला बांधलेला लोळ्या आला. आला म्हणजे गुळगुळीत फरशीवरून घसरत ओढला गेला. बायकोच्या भुवया कोरायच्या पेन्सिलीनं त्याच्या डोळ्यांभोवती दोन गोल काढले होते. व्यासपीठावर बसलेल्या लेकीनं लोळ्याला पाहिलं, बाबांना पाहिलं, ते गोल पाहिले आणि हळूच आईकडे मान वळवली. आई छताचा पंखा बघत होती.

"बाबा," लेक खाली येऊन कुजबुजली, "लोळ्याला कशाला आणलंत?"

"कशाला म्हणजे? लोक त्यालाच बघायला आलेत ना!"

लेकीच्या तोंडावरचा रंग परत उडाला. ती काही बोलणार तोच प्रकाशक बाईंनी माइक हातात घेतला. "मुलांनो, कोण आलंय बघा! खरा कप्तान! आता तो छत्री आणून दाखवणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाल्यांनी छत्री हॉलच्या मध्यभागी ठेवली आणि हाक मारली, "कप्तान, छत्री!" लोळ्याला कप्तान हे आपलं नाव असल्याची कल्पनाच नव्हती. तो छत्रीपर्यंत गेला, तिचा वास घेतला आणि तिच्यावर अंग टाकून दिलं. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी त्याला कुरवाळायला धावली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि किंचाळली, "ई! ह्याचा चष्मा पुसला गेला!"

हॉलभर हशा पिकला. "मी सांगत नव्हतो?" असं म्हणत मागून बेकरीवाले बटरला घेऊन पुढे आले. बटरचा कान खरंच दुमडलेला होता, पण त्यानं व्यासपीठाजवळ पोचताच टेबलाचं कापड दातांत धरून ओढलं. नव्याकोऱ्या पुस्तकांचा गठ्ठा धाडकन खाली आला आणि बटर त्यावर बसला. मुलं ओरडायला लागली, "हापण खोटा! हापण खोटा!"

"तुमच्या कुत्र्यानं माझ्या लेकीची पुस्तकं पाडली!" चष्मेवाले कडाडले.

"आणि तुमच्यानं काय केलं? तुम्ही कुत्र्याला मेकअप करून आणलात! तुमच्या लेकीचीच अब्रू घालवलीत!"

हा घाव वर्मी बसला. चष्मेवाल्यांच्या नाकपुड्या फुलल्या. हॉल एकदम शांत झाला, कारण पुढे जे झालं ते प्रत्येक मुलानं आधी कुठंतरी पाहिलेलं होतं. चष्मेवाल्यांना एक शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. तिसरीला त्यांचा काळा गोल चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, डावा कान पेन्सिलीच्या ओझ्यानं पुढे दुमडला, आणि ते ताडकन वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"कप्तान!" ती चिमुरडी बोट दाखवून ओरडली.

"कप्तान! कप्तान!" सगळा हॉल ओरडायला लागला.

चष्मेवाले भिंतीकडे बघतच म्हणाले, "कुठंय?" आणि लोळ्या उठला असेल या आशेनं वळले. लोळ्या घोरत होता. सगळी पोरं त्यांच्याकडे बघत होती. प्रकाशक बाई एकदा पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. चष्मेवाल्यांचं लक्ष समोरच्या मोठ्या पोस्टरकडे गेलं. दोन डोळ्यांभोवती दोन काळी वर्तुळं. एक दुमडलेला कान. सगळ्या गल्लीला नीट बघायला शिकवणाऱ्या माणसाला आपलं तोंड ओळखायला एवढे दिवस लागले होते.

"अरेच्चा," बेकरीवाले आनंदानं म्हणाले, "लेकीनं तुम्हाला कुत्रं केलं की हो!"

कुणी हसलं नाही. लेक व्यासपीठाच्या कडेला उभी होती, हातात पुस्तक घट्ट धरून. "बाबा," ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला कळलंय. तुम्ही फाटकाशी म्हणालात म्हणून."

"मी कुत्रा?" चष्मेवाल्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"दुकानात भिंगांचा कप्पा साफ करायला घेतला होता मी एकदा. खाली माझे सगळे फेकलेले कागद होते. शाळेतले सुद्धा. एकूण एक सपाट करून ठेवलेले." तिनं पुस्तकातलं कागद लपवायचं पान उघडून त्यांच्याकडे धरलं. "तुम्ही मला तोंडानं कधी काही म्हणाला नाहीत. मग वाटलं, न बोलता एवढं प्रेम कोण करतं? म्हणून कप्तान काढला. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर... पण तुम्हीच म्हणालात ना, अभिमान आहे म्हणून?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि कोटाच्या टोकानं बराच वेळ पुसला. काचा स्वच्छ होत्या. मग त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, कानावरची पेन्सिल नीट बसवली आणि बेकरीवाल्यांकडे वळले. "काय म्हणालात मघाशी? कुत्रं केलं? अहो, कप्तान केलंय! तुम्हाला कुणी साधं मांजर तरी केलंय का?"

"पण बाबा, राग?"

"शब्द दिलाय ना एकदा? अभिमान आहे म्हटलं की आहे. बाप असलो तरी कप्तान आहे मी, शब्द फिरवत नाही. आणि ऐक," इथे त्यांनी माइकच हातात घेतला, म्हणजे पुन्हा पंखा मध्ये यायला नको, "चांगलं काढतेस. फार चांगलं काढतेस."

टाळ्या थांबेनात. ती चिमुरडी त्यांच्या कोटाला लटकून म्हणाली, "मग भुंका ना!"

चष्मेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. भांडी हाताशी नसल्यामुळे ती आज उघड हसत होती आणि डोळेही पुसत होती. मग चष्मेवाले छाती फुगवून असे भुंकले, की लोळ्या आयुष्यात पहिल्यांदा चारी पायांवर ताठ उभा राहिला आणि बटर पुस्तकांवरून उतरून बेकरीवाल्यांच्या मागे लपला. मुलांनी चष्मेवाल्यांभोवती एकच गर्दी केली. लेकीनं प्रत्येक पुस्तकावर सही केली आणि तिच्या सहीखाली चष्मेवाल्यांनी शाईत बोट बुडवून पंजा उमटवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतल्या एक बाई आल्या. त्यांना हल्ली वाटेतलं काही दिसत नव्हतं. दारातल्या लोळ्याला पायपुसणं समजून त्यांनी त्याच्यावर चपला पुसल्या होत्या. चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं. "डावा डोळा झाका. समोर कोण दिसतंय?"

बाईंनी खूप डोळे ताणले. "कुत्रा आहे वाटतं."

"नुसता कुत्रा? जरा नीट बघा."

"आता कसं सांगू," बाई संकोचल्या. "राग मानू नका हं, पण मला मेलीला तो थोडासा तुमच्यासारखा दिसतोय."

चष्मेवाल्यांनी नंबर लिहायचा कागद बाजूला सारला आणि चौकट त्यांच्या नाकावरून अलगद उतरवली. "बाई," ते भरल्या आवाजात म्हणाले, "नजर उत्तम आहे तुमची. तुम्हाला चष्म्याची अजिबात गरज नाही."

बाई खूश होऊन उठल्या आणि खुंटीवर टांगलेल्या कोटाला हात जोडून निघून गेल्या.